गॅस सोडायचा आहे

आमच्या ओट्याखाली दोन पक्ष नांदतात. पुढच्या रांगेत काचेच्या बरण्या: रिठे, चिंच, खाण्याचा सोडा. मागे अंधारात फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि संडास घासायचं निळं अ‍ॅसिड. पाहुणे आले की पुढची रांग दिसेल एवढंच दार मी उघडं ठेवतो.

माझा जीव मात्र बायोएन्झाइममध्ये, म्हणजे घरी आंबवलेल्या सफाईच्या पाण्यात. एक भाग गूळ, तीन भाग मोसंबी-लिंबाच्या साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने धीर. सुरुवातीला रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, नाहीतर बाटली फुटायची. म्हणून मी मुक्कामाला कुठे जात नाही. भाचीच्या लग्नात पंगत उठताच निघालो. ‘घरी गॅस सोडायचाय’ म्हटल्यावर मांडवात जी शांतता पसरली, तिला मी आदर समजतो. रसवाला माझ्यासाठी सालींची पिशवी बाजूला ठेवतो. ‘काका, गाय पाळलीय का?’ म्हणाला. मी नुसता हसलो. गाय पाळणाऱ्याला आपल्याकडे मान असतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की काय फसफसतं! पण ती दोघं एकमेकांचा काटा काढतात आणि उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. चिंचेनं तांब्या लखलखतो तो टार्टारिक आम्लामुळे. म्हणजे रसायनच, फक्त झाडाला लागलेलं. शहाबादी फरशी पडली चुनखडीची, तिला कुठलंही आंबट चालत नाही, मग ते कितीही सात्त्विक असो.

हे सगळं मी सोफ्यावर बसून सांगू शकतो. फरशी पुसतात मावशी. त्यांच्या बोटांना भेगा आहेत. ब्लीचच्या दुष्परिणामांवर मी बोलत होतो, तेव्हा फडकं पिळत त्या म्हणाल्या, ‘काका, तुमचं लिंबाचं पाणीपण झोंबतं. हातमोजे आणा की.’

चीड येते ती या वादाचीच. निसर्ग की रसायन यावर तावातावानं भांडणारे आम्ही सगळे कोरड्या हातांचे.

हातमोजे आणले. दुकानात चौकशी करून अस्सल रबराचेच घेतले. रबर झाडाच्या चिकापासून होतं, तेव्हा माझ्या तत्त्वांनाही धक्का नाही.

तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, ब्लीचिंग पावडर आणि संडासचं अ‍ॅसिड तेवढं एकत्र ओतू नका. क्लोरिन वायू सुटतो, आणि तो पुसणाऱ्याच्याच नाकात आधी जातो.