किटली जप्त केल्याबद्दल जाहीर आभार

प्रति,
आकुर्डी, निगडी, चिंचवड ते चाकण पट्ट्यातील समस्त घरमालक काका,



दारामागे चिकटवलेली तुमची नियमावली आम्हाला तोंडपाठ आहे. अभ्यासक्रम एवढा पाठ असता तर एकाही विषयात केटी लागली नसती. नियम पहिला : खोलीत स्वयंपाक करू नये. नियम दुसरा : रात्री दहानंतर गेट बंद. दोन्ही एकत्र वाचले की कळतं, खरा गुन्हा साडेदहाला लागणारी भूक हाच आहे. परवा तुमच्यापैकी एका काकांनी आमची किटली जप्त केली, तीही आत दोन अंडी उकडत असताना. काका माळकरी आहेत, तेव्हा अंड्यांचं पुढे काय झालं हे आम्ही विचारणार नाही.

‘मेस लावा की!’ असं तुम्ही म्हणता. लावली आहे. पैसे आगाऊ, रविवारी संध्याकाळी सुट्टी, आणि गावी जायचं असलं तर खाडा आधी सांगायचा, नाहीतर न जेवलेल्या जेवणाचेही पैसे. चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी नावाजलेला आहे, हे तर आम्हाला रोजची भाजीच शिकवते.

म्हणून आम्ही खोलीत पोट भरायला शिकलो. पातळ पोह्यांत कांदा, टोमॅटो, लिंबू, दाण्याचं कूट घालून झाकून ठेवलं की बिनविस्तवाचे दडपे पोहे. आईने फोडणीसकट भाजून दिलेल्या रव्यावर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकण ठेवलं की उपमा. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड हजर. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं की सकाळचं लेक्चर निभावतं. सोलापूरकडच्या गाडीने वल्लभनगर स्टँडवर उतरणारी कडक भाकरी आणि शेंगा चटणी तर आठवडा काढते. यात तुमच्या भिंती काळ्या करणारं काय आहे, ते कृपया दाखवून द्यावं.

वीजबिलाचं म्हणाल, तर निदान तेवढं गणित आम्हाला येतं. १५०० वॅटच्या किटलीत लिटरभर पाणी उकळायला साधारण एक दशांश युनिट लागतं. तुमच्याकडचा २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की तेवढ्यात आमच्या दहा किटल्या होतात.

एका बाबतीत मात्र तुमची भीती खरी आहे. कॉटशेजारचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, त्याला १३८० वॅटच्या आसपासच झेपतं. त्यावर आम्ही किटली लावतो, एखादा शूर वीर एक्स्टेंशन बोर्डवर इंडक्शनही लावतो. वायर तापते, प्लगला जळका वास येतो, आणि पावलं वाजली की सगळं गरम असतानाच कॉटखाली, चादरीआड ढकललं जातं. तुमच्या बंदीने स्वयंपाक थांबला नाही, काका. तो फक्त गादीजवळ गेला. आग लागलीच, तर तिथेच लागेल.

आता कारखान्यांच्या या पट्ट्याची गंमत बघा. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्यात कलम ४६ होतं. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीन काढायला लावण्याची सोय त्यात होती, आणि कॅन्टीनच्या कमिटीत कामगारांचे प्रतिनिधीही घ्यायला सांगितलं होतं. आमचा रूम पार्टनर चाकणला कंपनीत लागला आणि दुसऱ्या दिवसापासून गरम वरण-भात जेवून येऊ लागला. म्हणजे गेटपास गळ्यात पडला की जेवण ही सोय. तोवर, त्याच गेटपासासाठी शिकत असताना, जेवण हा नियमभंग. इंजिनिअर घडेपर्यंत त्याने मॅगीवर जगावं, अशी ही व्यवस्था.

पूर्वी असं नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. सगळ्या जातींची पोरं तिथे एकत्र राबायची आणि एका पंगतीत जेवायची. काम करून शिकणं हे तिथलं शिक्षणच होतं. पोरांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. त्याच रयतचं महाविद्यालय आज आपल्या पिंपरीतही आहे. घाबरू नका, काकूंच्या मंगळसूत्रावर आमचा डोळा नाही. आम्हाला एक सॉकेट पुरे.

तर मागणी अशी : दर मजल्यावर एक छोटा ओटा, शेजारी नळ, १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि वेगळा सब-मीटर. युनिटचे पैसे आम्ही वाटून भरू, खरकटं आम्ही काढू, भांडी घासण्याच्या पाळ्या लावून तो तक्ता तुमच्या नियमावलीशेजारी टांगू. भांडी कोणी घासली नाहीत यावरून होणारी भांडणंही आमची आम्ही मिटवू, तुम्हाला जिना चढावा लागणार नाही.

आणि या खर्चापायी भाडं वाढवायचंच झालं, तर काका, दर मजल्याला एकदाच वाढवा. दर कॉटला नको.

आपले आज्ञाधारक,
कॉट बेसिसवरचे विद्यार्थी
(मेसचे पैसे चालू महिन्यापर्यंत भरलेले)