चांदणीवाल्यांचं घराणं

सांगू नये, पण सांगते. आमच्या बी-विंगमध्ये मर्सिडीज आली.

आली ती गुरुवारी, संध्याकाळच्या मुहूर्तावर. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नाकाला झेंडूचा हार, आणि वॉचमनला अर्धा किलो पेढ्यांचा डबा. साध्या गाडीला पाव किलोत भागतं, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. बी-विंगचे भाऊ जमलेल्यांना दार लावून दाखवत होते. उघडलं, लावलं. परत उघडलं, परत लावलं. "आवाज ऐका नुसता," म्हणाले. ऐकला. गादीवर कणकेचा मोठा गोळा पडावा तसा दबका, 'धप्'. आमच्या गाडीचं दार लागतं तेव्हा मोरीत परात पडल्यासारखं वाटतं. पण म्हणून त्या 'धप्'साठी माणसानं पाऊण कोटीच्या वर मोजावेत? डाउन पेमेंटला वहिनींची एफडी मोडली म्हणे. मी काही बघायला गेले नव्हते, भिशीत कानावर आलं.

तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. गाडी पाच मीटरहून लांब, पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांत मावत नाही, शेपूट शेजारच्यांच्या हद्दीत. त्यावरून एक मीटिंग झाली, दुसरी व्हायची आहे. मी म्हटलं, भांडा तुम्ही. सून आणताना आपण घराणं बघतो ना? मग ही कुठल्या घरातली ते तरी बघावं. बघितलं, आणि काय सांगू! सगळं आधी कळलं असतं, तर आमच्याकडच्या एकाही वडीलधाऱ्यानं या स्थळाला होकार दिला नसता.

मूळपुरुष कार्ल बेंझ, राहणार मानहाइम, जर्मनी. माणूस हुशार, हात सोन्याचे, पण धंद्याच्या नावानं बोंब. भागीदार बेभरवशाचा निघाला, कारखाना बुडायच्या बेतात. अशा वेळी वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीनं काय करावं? तोंडाला पदर लावून रडावं. बेर्ता रिंगर नावाच्या त्या मुलीनं आपल्या हुंड्याचे पैसे लग्नाआधीच मागून घेतले आणि ते देऊन त्या भागीदाराला वाटेला लावलं. आपल्याकडे हुंड्यावरून एवढी रामायणं झाली, पण मुलीनंच हुंडा उचलून नवऱ्याच्या लेथ मशिनीत घातला, असं ऐकलंय कुणी? लग्न त्यानंतर, १८७२ साली.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्लनी आपल्या गाडीसाठी पेटंटचा अर्ज केला. तीन चाकं, एक सिलिंडर, आणि ताकद एका घोड्याइतकीही नाही. जगातल्या पहिल्या मोटारीचा जन्मदाखला म्हणून आज हाच कागद दाखवतात. त्या वेळी मात्र गिऱ्हाईक फिरकेना. कार्लराव आपले स्क्रू पिळत बसलेले. आणखी थोडं, आणखी थोडं. असले नवरे आपल्या ओळखीचे आहेत.

आणि मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये ती बाई पहाटे उठली, नवऱ्याला झोपेतच ठेवलं, दोन मुलांना हाताशी धरलं, आणि माहेरी निघून गेली. थांबा, अर्थाचा अनर्थ करू नका. भांडण नव्हतं. ती नवऱ्याची गाडी घेऊन गेली होती. न विचारता. मानहाइमहून पफोर्त्सहाइम, शंभराहून जास्त किलोमीटर, आणि तोवर ती गाडी गावाबाहेर लांब अशी गेलेलीच नव्हती. पेट्रोलपंप हा शब्दही जन्मायचा होता. इंधन संपत आलं तेव्हा बाई वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानात शिरली आणि कपड्यांचे डाग काढायचा द्राव मागितला. त्यावर गाडी चाले. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून मिरवतं. इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तर टोपीची पिन काढून नळी मोकळी केली. एका तारेचं वेष्टण झिजलं, तर, इश्श, मोज्याचा पट्टा सोडून तिथे गुंडाळला. उतारावर ब्रेकची लाकडं झिजली, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरं उतरून ढकलत. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली.

परत आल्यावर तिनं काय सांगितलं असेल? चढाला एक वेगळा गिअर लागेल, म्हणून. म्हणजे पैसे बायकोचे, रस्त्यावरची पहिली खरी चाचणी बायकोची, दुरुस्तीच्या सूचना बायकोच्या. पेटंट कुणाच्या नावावर? विचारू नका.

हे झालं एक घराणं. दुसरं श्टुटगार्टजवळच्या कान्स्टाटचं, गोटलिब डाइमलर यांचं. हे आणि त्यांचे जोडीदार विल्हेल्म मायबाख बंगल्याच्या आवारातल्या काचघरात दार लावून बसत. रात्री-बेरात्री आतून ठोकाठोक. माळ्याला वाटलं, मालक खोट्या नोटा-नाणी पाडतात. त्यानं थेट पोलिसांत वर्दी दिली! पोलीस येऊन बघतात तर आत इंजिन. माळ्याचं पुढे काय झालं कळत नाही, पण माझी त्याला सहानुभूती आहे. आमच्या ए-विंगमध्येही एक जण रात्री ड्रिल चालवतो.

याच डाइमलरनी पूर्वी, डॉइट्झच्या इंजिन कारखान्यात नोकरीला असताना, बायकोला एक चित्राचं पोस्टकार्ड पाठवलं होतं. आपलं घर कुठे ते दाखवायला चित्रावर एक चांदणी काढली, आणि ही चांदणी एक दिवस आपल्या कारखान्यावर चमकेल अशा अर्थाचं काहीतरी खाली लिहिलं. नवरे पत्रात काहीही लिहितात. पण मुलांनी ते लक्षात ठेवलं, आणि १९०९ साली कंपनीनं तीन टोकांची चांदणी नोंदवून टाकली. जमीन, पाणी, आकाश, तिन्हीकडे आमची इंजिनं, असा तिचा अर्थ सांगतात. आमचे भाऊ रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं जी पुसतात, ती चांदणी मुळात बायकोला पत्ता कळावा म्हणून काढलेली आहे.

आता नावाचं ऐका, कारण खरी गंमत तिथे आहे. एमिल येलिनेक नावाचे एक धनाढ्य ऑस्ट्रियन गृहस्थ फ्रान्समध्ये नीसला राहत. वेगाचा भयंकर नाद. शर्यतीत स्वतःच्या नावानं उतरायचं नाही, म्हणून १८९९ मध्ये 'मस्यू मेर्सेडेस' या नावानं उतरले. मेर्सेडेस ही त्यांची नऊ वर्षांची मुलगी! पुढच्या वर्षी त्यांनी डाइमलरच्या कंपनीला एका दमात ३६ गाड्यांची ऑर्डर दिली, साडेपाच लाख मार्कांची, आणि अट घातली की नव्या इंजिनाला माझ्या मुलीचं नाव. साडेपाच लाख मार्क समोर दिसल्यावर कोण नाही म्हणेल? मायबाखनी रचलेली ती ३५ अश्वशक्तीची गाडी १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत अशी सुटली, की बाकीच्यांची वाहनं घोडा सुटून गेलेल्या टांग्यांसारखी दिसू लागली. १९०२ साली नाव ट्रेडमार्क झालं. बापानं तर कहर केला. १९०३ मध्ये स्वतःचंच आडनाव बदलून येलिनेक-मेर्सेडेस करून घेतलं. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, इथे बापानं मुलीचं लावलं!

त्या मुलीचं मात्र काही धड झालं नाही. दोन लग्नं, महायुद्धानं आणलेली हलाखी, आणि १९२९ मध्ये व्हिएन्नात ३९ व्या वर्षी मृत्यू. नावानं जग जिंकलं, तिच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही. म्हाताऱ्या बेर्ताबाई पंचाण्णव वर्षं जगल्या, तेवढं एक बरं झालं.

पहिल्या महायुद्धानंतरच्या ओढाताणीत १९२६ साली दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली, डाइमलर-बेंझ. डाइमलर १९०० मध्येच गेलेले, त्यामुळे व्याह्यांची गाठ लग्नात पडलीच नाही. आणि पुढे या घरानं जे केलं ते खमंग करून सांगण्यासारखं नाही. नाझी पुढाऱ्यांच्या मिरवणुकांतल्या त्या लांबलचक उघड्या गाड्या याच कारखान्याच्या. १९४४ साली तिथे राबणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे वेठबिगार, युद्धकैदी आणि छळछावणीतले बंदी होते. शोरूममधल्या कॉफीबरोबर हे कुणी सांगत नाही.

बाकी प्रतिष्ठेचं म्हणाल, तर ज्या गाडीसाठी आमच्याकडे पेढे वाटतात ती जर्मनीत टॅक्सी आहे. होय, टॅक्सी! फिकट हस्तिदंती रंगाची, विमानतळाबाहेर रांगेत उभी. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं आपली १९७६ ची डिझेल मर्सिडीज ४६ लाख किलोमीटर पळवली, तेव्हा कंपनीनं ती आपल्या संग्रहालयासाठी मागून घेतली. मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

फजितीही कमी नाही. १९९७ मध्ये यांनी ए-क्लास नावाची छोटी गाडी काढली. स्वीडनमध्ये एका मोटार मासिकानं तिची चाचणी घेतली. तिथे रस्त्यात अचानक सांबराहूनही मोठं जनावर आडवं येतं, ते चुकवायला गाडी झटकन वळवायची. वळवली, आणि गाडी आडवी! त्यात पूर्व जर्मनीची ती चेष्टेचा विषय झालेली ट्राबांट हीच चाचणी सहज पास झाली. केवढी नाचक्की! विक्री तीन महिने बंद, गाड्या परत, आणि मग घसरगुंडी सावरणारी ईएसपी नावाची यंत्रणा, जी तोवर थोरामोठ्यांच्या गाड्यांत असे, ती या धाकटीला मुकाट बसवावी लागली. पडल्यावर कसं उठावं, एवढं मात्र या घराला येतं.

आणि उधळपट्टी? १९५५ मध्ये शर्यतीच्या गाडीवर टप चढवून यांनी दोनच गाड्या बनवल्या होत्या. त्यांतली एक इंजिनिअर रुडोल्फ उलेनहाउट कंपनीची गाडी म्हणून रस्त्यावर खुशाल पळवत. २०२२ साली त्या दोघींपैकी एक विकली, साडेतेरा कोटी युरोंना. आपले अकराशे कोटींच्या आसपास. एका गाडीला! दोनच जणी बसतील, भाजीची पिशवी मांडीवर.

हे सगळं परक्यांचं झालं. आपलं काय? आपल्याला ही चांदणी नवी नाही. १९५४ साली टाटांच्या टेल्कोनं डाइमलर-बेंझशी करार केला, आणि पुढची पंधरा वर्षं जमशेदपूरला बनलेल्या आपल्या ट्रकांच्या नाकावर हीच चांदणी होती. सिमेंट, कांदे, उसाची मोळी, सगळं मर्सिडीजमधून गेलंय, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहून. तेव्हा कुणी दार लावून दाखवत नव्हतं. मोटारी आल्या १९९५ मध्ये, आणि त्याही आपल्या पिंपरीच्या कारखान्यातून. २००९ पासून चाकणला स्वतंत्र कारखाना आहे. चाकण म्हणजे आपल्या लेखी कांद्याची बाजारपेठ. आता तिथून बाहेर पडणाऱ्या वाहनात कांदे आहेत की साहेब, हे काच खाली होईपर्यंत कळत नाही.

पण वेडाची कमाल केली ती औरंगाबादनं, २०१० च्या ऑक्टोबरमध्ये. तिथल्या व्यापारी-उद्योजकांना राग आला होता की आपल्या शहराला सगळे मागास समजतात. असा राग आला तर माणूस निवेदन देतो, फार तर मोर्चा काढतो. यांनी मर्सिडीज घेतल्या. एक नाही, दहा नाही, १५० मर्सिडीज, एकदम! पासष्ट कोटींच्या घरात बिल. आपण मंडईत जुडी दोन रुपयांनी उतरवायला घासाघीस करतो तशी त्यांनी घाऊक भावासाठी केली, आणि बँकेकडूनही व्याज उतरवून घेतलं. देशभर बोभाटा झाला. पुण्या-मुंबईच्या लोकांनी नाकं मुरडली. रस्त्यांत खड्डे आणि दारात मर्सिडीज, म्हणे. मला विचाराल तर त्या नाक मुरडण्यात निम्मा मत्सर होता. साड्यांच्या सेलमध्ये आम्ही बाराजणी मिळून जाऊन जे करतो, तेच त्यांनी केलं. फक्त शून्यं जास्त.

तेव्हापासून हे नाव आपल्या बोलण्यातून जाईना. अहो, २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथेही राजकारणातलं पद आणि मर्सिडीज यांच्या विनिमयदरावर कुणीतरी बोललं, आणि आठवडाभर कवितेचं कुणी नाव काढलं नाही. आजवर एवढी संमेलनं झाली, पण कुठल्या कादंबरीनं एवढी खळबळ उडवली होती, सांगा.

तर रविवारी भाऊंनी आपल्या आईला पहिली चक्कर मारायला खाली आणलं. आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, वय अठ्ठ्याऐंशी. ही आपल्याकडची गाडी मुद्दाम लांबवलेली असते, कारण आपला मालक मागे बसतो. माई मागे बसल्या, पाय पसरले, तरी पुढची सीट लागेना. "अगं बाई, इथे पापड वाळतील," म्हणाल्या. मग खिडकीतून मला विचारलं, "हे नाव कसलं गं?"

"एका मुलीचं, माई. बापानं गाडीला दिलं."

"मुलीचं? बरं केलं." जरा थांबून त्यांनी सुनेकडे पाहिलं. "आणि ही गं, कुणाच्या नावावर आहे?"

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ फडक्यानं चांदणी पुसत होते.

"सध्या बँकेच्या," ते म्हणाले, आणि येऊन दार लावून घेतलं. धप्.