कलमतात्या

शिवाजी पेठेतल्या नाहीतर मंगळवार पेठेतल्या एखाद्या तालमीच्या माडीवर संध्याकाळी जा. बोर्डावर खाली ओढलेला बल्ब, खेळणारे चौघे आणि बघणारे पंधरा. त्या पंधरातले चौदाजण सोंगट्यांकडे बघत असतात. एकजण नुसता पॉकेटांकडे बघत बसलेला असतो. तेच कलमतात्या. खरं नाव मतदारयादीत असणारच. पेठेत ते कुणी वापरत नाही, आणि तुमच्या पेठेतल्या तात्यांचं नाव वेगळं असलं तरी माणूस हाच.

कोल्हापुरात असला माणूस कॅरमकडेच का वळावा, याचा मी बराच विचार केला आहे. कुस्तीत त्याला कामच नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं तेव्हापासून तिथं पाठ टेकली की लांबच्या पायरीवरचं पोरगंसुद्धा निकाल सांगतं. फुटबॉलमध्ये ऑफसाइड आहे खरा; पण शाहू स्टेडियमवर त्यावर बोलायला एवढी माणसं असतात की तात्यांचा आवाज पोचायचा नाही. कॅरमला मात्र नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी, चार पॉकेटं आणि वर स्ट्रायकर. एका टिचकीत एवढ्या जणांची भानगड लागू शकते म्हटल्यावर तात्या दुसरीकडे जातील कशाला?

तात्या स्वतः खेळत नाहीत. पूर्वी खेळायचे म्हणे, पण नेम धरण्याआधी ते पार्टनरला पुढच्या सगळ्या शक्यता समजावून सांगायचे, आणि पार्टनर खालून चहा पिऊन यायचा.

एका फटक्यात एकच सोंगटी गेली तर तात्यांना त्यात गम्य नसतं. दोन गेल्या की ते स्टूल पुढं ओढतात. दोन गेल्या आणि त्यांच्या मागोमाग स्ट्रायकरही गेला, की ते चष्मा पुसायला काढतात. चष्मा निघाला की खेळ थांबला, हे पोरांना पाठ झालं आहे.

परवा असंच झालं. पांढऱ्यावाल्या पोरानं कोपऱ्यातल्या पांढरीवर नेम धरला. स्ट्रायकर जाऊन लागला मधल्या काळीला. काळी एका पॉकेटात, तिथून वळलेल्या स्ट्रायकरनं पांढरी दुसऱ्यात, आणि पांढरीच्या मागं स्ट्रायकर स्वतः. माडीवर एकच गिल्ला.

"फाउल! आदी काळीला लागलं!"

"न्हाई लगा, तिकडं नेमच न्हवता माझा!"

"हात कुणी लावायचा न्हाई," तात्या म्हणाले. चष्मा निघाला.

"नेम कुणावर धरलास ते तुझ्या मनात. बोर्डाला मन न्हाई. पयल्यांदा कुठल्या बॉलला लागलं ते स्नूकरात इचारत्यात, हितं इचारत न्हाईत. हितं काय गेलं तेवढं बघायचं. पांढरी तुझी, ती भाईर. ड्यूची, म्हंजे दंडाची, आनखी एक, ती बी भाईर. दोनी ठेवणार समोरचा, मोठ्या वर्तुळात. काळी गेली ती गेली, त्याचं भलं झालं. आन खेळी तुझीच."

"खेळी त्याचीच?" समोरचा उठून उभा राहिला. "स्ट्रायकर घालून बी? आमच्या घरात तर..."

'आमच्या घरात' हे शब्द तात्यांसमोर काढायचे नसतात.

"तुमच्या घरात काळी धा, पांढरी वीस आन राणी पन्नास. वाण्याचं दुकान हाय ते. हितं सगळ्या सोंगट्या एकएक, राणीचे तीन, ते बी एकवीस गुण हुईस्तोवर. पंचवीस गुण न्हाईतर आठ बोर्ड झालं की गेम संपला. बस खाली."

एवढं बोलून खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं नियमांचं झेरॉक्स निघतं. १९८८ साली मद्रासला आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन स्थापन झालं, ही तात्यांच्या लेखी विसाव्या शतकातली मोठी घटना. कॅरमपटू मारिया इरुदयमना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला याचा त्यांना अभिमान आहे, पण त्याला एक काटाही आहे: खेळणाऱ्याला अर्जुन मिळतो, मग पंचाला निदान संजय तरी नको का?

पोरं त्यांच्यावर चिडतात ती निकालासाठी नव्हे, असं माझं मत आहे. ज्यानं नेम नीट धरला त्याला फळ मिळावं आणि ज्याचं चुकून गेलं त्याला मिळू नये, एवढी साधी अपेक्षा घेऊन ती बसलेली असतात. घरचे नियम याच अपेक्षेतून निघतात आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त न्यायी वाटतात. तात्यांपुढं हे बोलायची माझी छाती नाही.

घरीही हाच कायदा. काकू थोरल्याला गाडीच्या हप्त्यावरून झापत होत्या. थोरला शिताफीनं मोरीत सटकला आणि पुढची सगळी वाक्यं तात्यांवर आली. ते शांतपणे म्हणाले, "नेम त्याच्यावर हुता, पर पॉकेटात मी गेलो. तेवा खेळी तुझीच, चालू दे."

परवाच्या त्या बोर्डाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्यानंतर दोन डाव झाले आणि शेवटची पांढरी पॉकेटाच्या तोंडाशी काळीला टेकून कडेवर उभी राहिली. चाकासारखी. तात्यांचा आवाज बदलला. "उभी ऱ्हायली तर उभीच ठेवायची. कुणी श्वास सोडू नगा." सगळे वाकून बघत होते, तोच खाली तालमीत कुणीतरी समोरच्याला उचलून आपटला. माडी हादरली आणि पांढरी पॉकेटात गेली.

कुणाच्या खेळीत धरायची? कुणी फटका मारलाच नव्हता. तात्यांनी झेरॉक्स उलटंपालटं केलं. नेमकं ते पान घडीवर फाटलेलं. मग ते उठले, जिना उतरले आणि हौदातल्या माती लागलेल्या त्या दांडग्या गड्याला त्यांनी विचारलं, "पैलवान, तुमची पांढरी का काळी?"