फोर-एटी-फाइव्हवाले अण्णा

एमआयडीसीतल्या मोठ्या शेडमध्ये 24 एनर्जी मीटर बसवायचे आणि त्यांचं रीडिंग एका कॉम्प्युटरवर आणायचं ठरलं, की मीटिंगला एक अण्णा असतातच. वय साठीकडे झुकलेलं, खिशाला टेस्टर, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार: "फोर-एटी-फाइव्ह टाका."

नव्या पोराने वायफाय सुचवलं तर अण्णा रागावत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणतात, "मधल्या ट्रान्सफॉर्मरला विचारलंस का, बाळा?" आरएस-232 चं नाव निघालं की मात्र त्यांना चेव चढतो. 1960 चं स्टँडर्ड, एकास एक जोडणी, 15 मीटरपुढे भरवसा नाही. "24 पोर्ट काय तुझ्या मामाकडून आणू?" लाडकं फोर-एटी-फाइव्ह, म्हणजे आरएस-485, त्यामानाने तरुण, 1983 चं. पीळ दिलेल्या दोन वायरी, 1200 मीटरपर्यंत मजल, एका लाइनीवर 32 उपकरणं. मोटारींचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत उडून जातो. हे सांगताना अण्णा गळ्यातल्या आयकार्डची नाडी पिळून दाखवतात. समोर मालक असला तरी.

त्या वायरींवर बोलायची भाषा मॉडबस. 1979 पासूनचा शिरस्ता असा की, मास्टरने, म्हणजे इथे कॉम्प्युटरने, विचारल्याशिवाय मीटरने तोंड उघडायचं नाही. अण्णांना स्वतःला हा नियम लागू नाही.

खरे अण्णा दिसतात ते कमिशनिंगच्या दिवशी. रीडिंग येत नाही, सगळे लॅपटॉपवर ओणवे. अण्णा लॅपटॉपकडे ढुंकूनही बघत नाहीत, पॅनेलचं दार उघडतात. एका कंपनीचा 'ए' हा दुसरीचा 'बी' निघालेला असतो. "उलटव." आलं रीडिंग! पुढे दोन मीटरचा पत्ता 1 च राहिलेला, दोघं एकदम बोलताहेत. तोही बदलला जातो. पण इलेक्ट्रिशियनने केबल वाचवायला लाइनीला मधूनच लांबलचक फांदी काढलेली दिसली, की अख्ख्या शेडला अण्णांचा आवाज ऐकू येतो. पाकिटात नातवाच्या फोटोमागे 120 ओहमचे दोन रेझिस्टर असतात, लाइनीच्या दोन टोकांना एकेक. मध्ये तिसरा लावणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नाहीत.

माणूस हेकट आहे, पण या कामात त्याचं बरोबर असतं. तेव्हा केबल ट्रेमध्ये पडायच्या आधी अण्णांना बोलवा. नंतर बोलावलंत तरी येतील, पण आधी ती केबल उपसायला लावतील.