अंतरवाली सराटीस बेटाचा दर्जा मिळणेबाबत

प्रशांत महासागरातील तुवालूसारख्या ठिपक्याएवढ्या बेटांवरील रहिवाशांना कर्करोगावर किरणोपचार घ्यावयाचे झाल्यास परमुलुखाची वाट धरावी लागते, आणि त्यांच्या या दुरवस्थेबद्दल जगातील विद्वान परिषदा भरवून हळहळतात, असे कळल्यापासून अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसही बेटाचा दर्जा मिळावा, अशी आमची सरकारदरबारी नम्र विनंती आहे. गावाभोवती समुद्र नाही, ही त्रुटी किरकोळ आहे. जेथे माणसाचे अस्तित्वच दाखल्यावर आणि शेऱ्यावर ठरते, तेथे केवळ पाण्यावाचून एखादे बेट खोळंबण्याचे कारण नाही.

हे गाव दुर्गम आहे, असा मात्र आमचा दावा नाही. 2023च्या ऑगस्टअखेर मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी येथे उपोषणास बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि मग मंत्री आले, डॉक्टर आले, उपोषणकर्त्याचा रक्तदाब महाराष्ट्रास तोंडपाठ झाला. पाठोपाठ माजी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामकालीन दप्तरे उघडून, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून, लोकांच्या पणजोबांची कुणबी जात हुडकण्यात आली. या चिकाटीस आमचा कुर्निसात! त्याच पणजोबांची बायको कशाने गेली, याचा कागद मात्र कोणत्याही रुमालात बांधलेला नसतो. 'पोटात गाठ झाली होती' एवढीच तिची मिसल.

मराठवाड्यात कोणी मोजतच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. बार्शीस 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीत मराठवाड्यातील भूम-परंड्याची गावे आली. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातील 1,31,746 स्त्रियांवरील प्रयोगाचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध होऊन, एचपीव्ही या विषाणूची एकच चाचणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे ज्ञान या बायाबापड्यांनी साऱ्या जगास दिले. जगाने ते घेतले. आमच्या सरकारने 2016च्या कर्करोग-तपासणी कार्यक्रमासाठी, त्याच प्रयोगात मृत्यूंत लक्षणीय घट न दाखविणारी, परंतु स्वस्त अशी, अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची रीत पसंत केली.

कर्करोगाचे भय तेवढे विनामूल्य आणि वेळेवर पोहोचले. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडच्या ऊसतोड स्त्रियांची हकिकत आली, तेव्हा पाहणी झालेल्या 82 हजारांवर बायांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. 'राहू दिली तर कॅन्सर होईल' हे निदान कित्येकींना तपासणीवाचूनच मिळाले होते.

तरी बेटाचा दर्जा मंजूर व्हावा. तो देणे कायद्यात बसत नसेल, तर पणजोबांसाठी दप्तरे उघडलीच आहेत तेव्हा त्यांत पणजीकरिता 'मृत्यूचे कारण' असा एक रकाना वाढवावा, आणि तो भरण्यास तलाठ्याऐवजी डॉक्टर पाठवावा. उपोषणाची अट न घालता.