इतर माहिती

नोकरीच्या अर्जात 'संगणकाचे ज्ञान' असा एक रकाना असतो, आणि तो भरायला संगणकच लागतो. पोहता येतं का, ते सांगायला आधी विहिरीत उडी मारा, अशातला हा प्रकार. महाराष्ट्रात २००१पासून या रकान्याला एक ठरलेलं उत्तर आहे: एमएस-सीआयटी. सरकारी नोकरीच्या जाहिरातीच हे प्रमाणपत्र मागू लागल्यावर गावोगावच्या बोळांत त्याचे फलक लागले आणि घराघरांतून लोक माउस धरायला शिकले. प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन कपाटात जातं. माउस पुन्हा भेटतोच असं नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचं तेच झालं. कोर्स करून कितीतरी वर्षं लोटली, मुलगी मोठी होऊन पुण्याला गेली आणि जाताना आपला जुना लॅपटॉप आईकडे ठेवून गेली. वहिनींनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. गावातल्या पतसंस्थेत लिपिकाची जागा निघाली, तेव्हा कुठे तो रुमाल उतरला.

"भाऊजी, तुम्ही नुसते शेजारी बसा," त्या म्हणाल्या. "हात लावू नका. मुलगी हात लावते, काम झटकन होतं आणि मला काही म्हणजे काही कळत नाही."

नवशिक्याला कसं शिकवावं, याबद्दल इतकं नेमकं मी कोणाकडूनच ऐकलेलं नाही. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

बायोडाटा इंग्रजीत हवा, असं मुलीचं फर्मान होतं. पहिली ओळ नावाची. नाव टाइप झालं आणि त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटली. मग यजमानांच्या नावाखाली उमटली, आडनावाखाली उमटली, गावाखाली आणि तालुक्याखालीही. जन्मगावातली मुंबई तेवढी सुटली. ही रेघ वर्डमध्ये १९९५च्या आवृत्तीपासून आली. तोवर स्पेलिंग तपास म्हणून त्याला सांगावं लागे. मग तो न विचारताच दाखवू लागला. जन्मतारखेपर्यंत पोचेतो अर्धं घराणं चुकीचं ठरलं होतं. वहिनी जरा थांबल्या. "सासूबाईंचं नाव घालून बघू का?" बायोडाटात सासूबाईंचं काही काम नव्हतं, पण घालून बघितलं. रेघ आली. वहिनींचा चेहरा उजळला आणि मग त्यांनी ते नाव हळूच पुसलं.

त्यानंतर टिंबांचं प्रकरण निघालं. 'नाव', 'पत्ता', 'शिक्षण' यांच्यापुढची दोन-दोन टिंबं एकाखाली एक यायला हवीत, नाहीतर कागद गबाळा दिसतो. जाणकार टॅब दाबतात, किंवा तक्ता घालून त्याच्या रेघा लपवतात. वहिनी स्पेसबार दाबत होत्या. एक जागा जास्त झाली की मागे, कमी पडली की पुढे. चष्मा वर करून, मान मागे घेऊन, डोळे बारीक करून त्यांनी टिंबांची ती रांग लावली, आणि शेवटी अक्षर थोडं मोठं केलं तशी सगळी रांग विस्कटली. हे अडाणीपणाचं लक्षण मानतात. मला तसं वाटत नाही. साच्यात माहिती ओतून झालेले चकचकीत बायोडाटे मी पाहिलेत. त्यांत माणूस कुठे बसला होता ते सापडत नाही. स्पेसबारने लावलेल्या कागदात निदान एक आख्खी दुपार असते.

'छंद' या मथळ्याखाली नमुन्यातले वाचन, संगीत आणि प्रवास जसेच्या तसे उतरले. प्रवास म्हणजे वर्षातून एकदा माहेर. लगेच खाली प्रतिज्ञा: वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. छंद आणि प्रतिज्ञा यांच्यात दोन ओळी तरी जागा सोडावी, असं मी सुचवलं.

मराठी प्रत तहसील कचेरीसमोरच्या डीटीपीवाल्याने करून दिली. ती मुलीच्या फोनवर उघडली आणि तिथे इंग्रजी अक्षरं न् चिन्हांचा नुसता खच दिसला. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी वळणं बसवलेली असतात. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण डीटीपीवाल्यांना कोणतीच घाई नसते.

कामाच्या अनुभवापाशी मात्र सगळं अडलं. "अनुभव काही नाही," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तो मथळाच खोडायला घेतला. मी त्यांना लिओनार्दो दा विंचीची गोष्ट सांगितली. १४८२च्या सुमारास त्याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्र तयार केलं. पत्रात क्रमांक घालून यादी आहे: हलके पूल बांधतो, तोफा ओततो, झाकलेले रथ करतो, शांततेच्या काळात इमारती उभारतो. आणि अगदी शेवटी, जाता जाता, चित्रंही काढतो. गंमत म्हणजे त्या पत्राचा जो मसुदा उरला आहे, त्यातलं अक्षर त्याचं स्वतःचं नाही असं मानतात. म्हणजे त्याच्याही तहसील कचेरीसमोर कोणीतरी बसलेलं असणार.

"म्हणजे चित्रकाराने चित्र शेवटी लिहिलं?" वहिनींनी विचारलं. मग थोडा विचार करून त्यांनी 'इतर माहिती' असा मथळा घातला आणि एका बोटाने लिहिलं: गल्लीतल्या भिशीचा हिशेब बघते. ती भिशी त्या लग्न होऊन आल्यापासून चालवतात. वही आहे, सह्या आहेत, आणि रुपयाचा घोळ झाल्याचं अजून कोणी म्हटलेलं नाही. मुलीने फोनवर सांगितलं, "आई, ते काढ, घरगुती वाटतं." वहिनींनी काढलं नाही, पण त्याचं कारण, ओळ काढली तर टिंबं पुन्हा हलतील, हे होतं.

मुलाखतीला मी अर्थातच नव्हतो. वहिनींनी जे सांगितलं तेवढंच माहीत. मॅनेजरसाहेबांनी कागद वरून खाली पाहिला. एमएस-सीआयटीवरून नजर सरकली, छंदांवरून सरकली आणि तळाला थांबली. पतसंस्थेची थकबाकी हा त्या दिवसांत गावात चर्चेचाच विषय होता.

"भिशीत कोणी हप्ता थकवला तर काय करता?"

"त्यांच्याकडे चहाला जाते."

"आणि?"

"आणि उठत नाही."