हेवीची अ‍ॅडमिशन

या आठवड्यात सदरातून पालकांना मोफत करिअर मार्गदर्शन. कॉम्प्युटरच्या जागेसाठी कॅप राउंडच्या याद्या चाळून डोळे दुखले असतील, तर जरा इकडे बघा. पोराला ट्रक शिकवा. कळंबोलीत जा, भिवंडीत जा, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जा. कुठलाही ट्रान्सपोर्टवाला चहा सांगायच्या आधी गाऱ्हाणं सांगतो, ‘गाड्या आहेत, माल आहे, ड्रायव्हर नाही.’ इंजिनिअर मिळत नाही म्हणून गाडी उभी राहिल्याचं आमच्या ऐकण्यात नाही.

पात्रता सोपी आहे. वय वीस पूर्ण हवं आणि हलक्या गाडीचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं. पूर्वी आठवी पास लागायचं, 2019 मध्ये सरकारने तीही अट काढून टाकली. म्हणजे 28.5 टनांची दहा टायरी चालवायला शाळेत जायची गरज उरली नाही. ट्रक चालवायच्या शाळेत मात्र जावं लागतं. आता प्रश्न एवढाच, की कोणत्या?

पालकांनी शाळा बघायला जाताना केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 बरोबर ठेवावेत. त्यातला नियम 24 वाचून आम्हाला गहिवरून आलं. शाळेत फळा हवा. सिग्नलच्या प्रतिकृतींसह रस्त्याचा नकाशा हवा. गिअरबॉक्स हवा, ब्रेकचे ड्रम हवेत, पान्यांचे संच, जॅक, हवा मोजायचं यंत्र, प्रथमोपचाराची पेटी, विद्यार्थ्यांसाठी बाकं. शिकवणारा दहावी पास, पाच वर्षांचा अनुभवी आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र घेतलेला असावा. आणि वाहनांची यंत्रणा, रस्ता सुरक्षा, कायदे या विषयांवरच्या पुस्तकांचा संग्रहही असावा! जिल्हा परिषदेच्या शाळांनी हेवा करावा असं हे विद्यालय.

हा नियम खिशात घालून आम्ही आरटीओच्या बाहेरच्या एका शटरमध्ये शिरलो. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला उसाचा रस. आत एक टेबल, एक कॅलेंडर आणि एक गृहस्थ. विमा, पीयूसी, पासपोर्ट फोटो, पॅन कार्ड आणि ‘हेवी’ एवढ्या विद्याशाखा बोर्डावर होत्या.

‘ग्रंथालय कुठे आहे?’ आम्ही विचारलं.

‘कोण पाहिजे तुम्हाला, साहेब?’

‘बरं, राहू द्या. ट्रक कुठे आहे?’

‘ट्रक आहे की! आपला स्वतःचा आहे. आत्ता सांगलीला भाडं घेऊन गेलाय.’

शाळेचा ट्रक शिकवण्यात वेळ घालवत नाही, हे त्या शाळेच्या बाजूनेच बोलतं. निदान तो तरी कमावता आहे. मग त्यांनी दर सांगितले. शिकून लायसन्स एक दर, न शिकता लायसन्स दुसरा. न शिकण्याचा दर जास्त होता. का, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘त्यात तुमचा वेळ वाचतो ना.’

तरी शिकायचंच, असा हट्ट धरलात तर नियमाप्रमाणे तीस दिवस आणि प्रत्यक्ष गाडीवर किमान पंधरा तास. म्हणजे रोज अर्धा तास. त्या अर्ध्या तासात केबिनमध्ये एकटं बसायला मिळत नाही. तीन उमेदवार असतात, त्यातला एक स्टिअरिंगवर, दुसरा त्याला हसतो आणि तिसरा आपला नंबर कधी येतो म्हणून घड्याळ बघतो. कुणी किती तास चालवलं याची नोंद नमुना 15 च्या रजिस्टरमध्ये होते, आणि ती नोंद अतिशय सुवाच्य असते. तीस दिवसांच्या तीस ओळी, एकच पेन, एकच बैठक. शेवटी नमुना 5 चं प्रमाणपत्र मिळतं. ते लॅमिनेट करू नका. लायसन्स निघाल्यावर ते आयुष्यात पुन्हा कुणी मागणार नाही.

खर्च करायची तयारी असेल तर 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची सोय झाली आहे. दोन एकर जागा, सिम्युलेटर, चाचणीचा ट्रॅक आणि जड वाहनांसाठी सहा आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम. तिथे पास झालात तर आरटीओची चाचणीच द्यावी लागत नाही. कल्पना उत्तम आहे. फक्त सहा आठवडे बिनपगारी शिकू शकेल असा मुलगा ट्रक चालवायला येत नाही, आणि ट्रक चालवायला येणाऱ्या मुलाला सहा दिवसही परवडत नाहीत.

खरी शाळा वेगळीच होती. ती क्लीनरच्या सीटवर भरायची. प्रवेशाला गावातला कुणी ओळखीचा ड्रायव्हर पुरे. पहिल्या वर्षी काच पुसणे, ताडपत्री ओढणे, रस्सीची गाठ आणि उतारावर चाकाखाली दगड लावणे. मग टॉमीने टायर ठोकून नुसत्या आवाजावरून हवा ओळखणे, हे त्या अभ्यासक्रमातलं संगीत. मग पुठ्ठ्यावर बसून गाडीखालची कामं. मग गोदामात गाडी मागे घेताना फाळक्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, बस्स!’ या चार शब्दसमूहांवर सोळा टायरची गाडी दोन खांबांच्या मधे बसवणे. शिव्या ही फी. ती उस्ताद आगाऊच वसूल करायचा. पदवीदान पहाटे तीनला, मोकळ्या रस्त्यावर, कारण त्या वेळी उस्तादला झोप आलेली असायची. लायसन्स? ते नंतर कधीतरी, आरटीओच्या बाहेरच्या त्याच शटरमधून.

ही पद्धत कायद्यात बसत नव्हती आणि तिच्यातून शहाण्यांइतकेच भलतेही निघाले, हे मान्य. पण घाटात ब्रेक तापले की काय करायचं, हे तिथेच कळायचं. पुढे भाडी परवडेनात, तेव्हा मालकांनी हिशेब केला आणि सगळ्यात आधी कापला तो क्लीनर. त्याचा पगार वाचला, भत्ता वाचला. आता तेच मालक परिषदा भरवून विचारतात, नवे ड्रायव्हर तयार का होत नाहीत. व्यासपीठावर कुणीतरी सुचवतं, सिम्युलेटर आणा.

क्लीनर गेला तरी अर्थशास्त्र शिल्लक आहे, आणि ते कुठल्याही नमुन्यात छापलेलं नाही. बऱ्याच ठिकाणी ट्रिपला डिझेल मोजून मिळतं. वाचलं ते ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर पगारातून. मग कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार दिसला की हात आपोआप न्यूट्रलकडे जातो. गाडी न्यूट्रल करू नका, असे फलक तिथे लागलेत. फलक ड्रायव्हरने वाचायचे आहेत. डिझेल मोजून देणाऱ्याला त्या रस्त्याने यावं लागत नाही.

सुखसोयींबद्दल पालक विचारतील, तर त्याही आहेत. 2025 पासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणं बंधनकारक झालं आहे. जुना ट्रक घेणाऱ्या मालकाकडे लागलात तर खिडकी आहे. कामाचे तास आठ, आठवड्याला 48. हे मोटार परिवहन कामगार कायद्यात 1961 मध्येच लिहून ठेवलं होतं. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही त्यात होती. गाडी कुठे लावून घ्यायची, ते ज्याचं त्याने बघावं.

प्रतिष्ठाही आहे, पण ती वर्षातून एखाद-दोन दिवसच मिळते. जानेवारी 2024 मध्ये नव्या न्याय संहितेतली ‘हिट अँड रन’ची दहा वर्षांपर्यंतची शिक्षा ऐकून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर हलेनात, तशा पंपांवर रांगा लागल्या आणि स्कूटरची टाकी भरायला आलेल्या मंडळींना ड्रायव्हर हा माणूस असल्याची वार्ता कळली. दिल्लीने बोलणी केली, ती तरतूद लांबणीवर पडली, टँकर सुटले. लग्नाच्या बाजारात मात्र त्या दोन दिवसांतही स्थळ आलं नसावं. मुलगा काय करतो, याला ‘ट्रक चालवतो’ हे उत्तर चालत नाही. ‘लॉजिस्टिक्समध्ये आहे’ म्हटलं तर निदान पोहे खायला मिळतात.

उरली नोकरीची मुलाखत. तिची तयारी कुठल्याच शाळेत करून घेत नाहीत, म्हणून इथे देतो. संध्याकाळचे सात. कळंबोलीत गाडी भरून उभी. मालक नमुना 5 मागत नाही, पंधरा तासांचं विचारत नाही, लायसन्सवरून नुसता अंगठा फिरवतो. म्हणतो, ‘हैदराबादचा माल आहे, सातशे किलोमीटर. कधी पोचशील?’

‘परवा सकाळी’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवतात. आपल्या मुलाने ‘उद्या दुपारी’ म्हणावं, आणि मालक नुसता बघत राहिला तर ‘बरं, उद्या सकाळी’ म्हणून लगेच चावीसाठी हात पुढे करावा.